‘हा विमा नाही’: अमेरिकेतल्या हेल्थ शेअरिंग योजनांची पार्श्वभूमी

अमेरिकेत नोकरी गेली किंवा नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू केला, की मराठी घरात सगळ्यात आधी चिंता लागते ती इन्शुरन्सची. मार्केटप्लेसवर, म्हणजे आरोग्य विमा विकत घ्यायच्या सरकारी बाजारात, चौघांच्या कुटुंबाचा, अनुदानाशिवायचा महिन्याचा आकडा बघून डोळे पांढरे होतात. मग ओळखीचं कुणीतरी सांगतं, ‘हेल्थ शेअरिंग बघ, निम्म्यात भागतं.’ म्हणजे सभासदांनी दरमहा पैसे घालून एकमेकांची दवाखान्याची बिलं वाटून घ्यायची योजना. आकडा खरंच बऱ्याचदा निम्मा असतो. फॉर्मवर मात्र ठळक अक्षरांत छापलेलं असतं की हा विमा नाही. सही करण्याच्या घाईत हे वाक्य नुसतं डोळ्यांखालून जातं. या योजनांचं चाळीस वर्षांचं भांडण त्याच वाक्यावरून चालू आहे.

मूळ जुनं आहे, ते थोडक्यात सांगतो. आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांच्या वस्त्यांमध्ये कुणाचं धान्याचं कोठार जळालं तर सगळी मंडळी जमून ते पुन्हा उभं करत, आणि दवाखान्याचं बिलही तसंच वाटून घेत. १९६५ साली मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा आला, तेव्हा अशा पंथांना सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरच्या करातून सूट मिळाली. अट अशी होती की पंथ ३१ डिसेंबर १९५० पासून सलग अस्तित्वात हवा आणि आपल्या गरजू माणसांची सोय त्याने स्वतः केलेली हवी. ही तारखेची अट लक्षात ठेवा.

आजच्या योजनांचा अवतार १९८० च्या दशकातला. ओहायोतल्या एका पाद्र्याच्या पुढाकाराने ख्रिस्ती वर्गणीदारांसाठी एक वार्तापत्र निघू लागलं. कुणावर किती बिल आलंय ते त्यात छापायचं आणि वर्गणीदारांनी पैसे पाठवायचे, अशी पद्धत. पुढे निघालेल्या काही संस्थांमध्ये आजही त्याच वळणाने काम चालतं. महिन्याच्या सुरुवातीला तुमच्या वाट्याला एक कुटुंब येतं. नाव, पत्ता, काय आजार आहे, एवढी माहिती कळते. तुम्ही चेक लिहायचा, सोबत दोन ओळी प्रार्थनेच्या लिहायच्या आणि पाकीट टपालात टाकायचं. केमोथेरपी चालू असलेल्या घरी महिनाभर अनोळखी माणसांची अशी पाकिटं येत राहतात. ज्यांनी हे अनुभवलंय ते त्याबद्दल फार ओलाव्याने बोलतात, आणि तो ओलावा खरा आहे. आपल्याकडच्या भिशीसारखंच हे, पैसा माणसाच्या ओळखीवर आणि भरवशावर चालतो. फरक एवढाच की भिशीत आपला नंबर कधीतरी लागणार हे नक्की असतं.

या पद्धतीची स्वतःची भाषाही तेव्हाच घडली. हप्त्याला ‘मंथली शेअर’ म्हणायचं, क्लेमला ‘नीड’. डिडक्टिबलला, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायच्या रकमेला, प्रत्येक संस्थेचं वेगळं नाव. पॉलिसीच्या जागी ‘गाइडलाइन्स’ नावाची पुस्तिका, जी संस्थेचं मंडळ बदलू शकतं. क्लेम ‘मंजूर’ होत नाही, तो ‘शेअरिंगला पात्र’ ठरतो. प्रत्येक शब्द असा निवडलेला आहे की त्यातून कायदेशीर हमी निघू नये. हमी दिली की विमा झाला, आणि विमा झाला की राज्याच्या विमा खात्याचे नियम, गंगाजळीची सक्ती, तक्रार निवारण, सगळं मागे लागलं. ओहायोतल्या त्या पहिल्या उपक्रमात सभासदांच्या पैशांचा चालकांनी स्वतःसाठी वापर केल्याचं प्रकरण २००० च्या आसपास न्यायालयात गेलं, तेव्हा ही गंगाजळी आणि देखरेख कशासाठी असते हे पहिल्यांदा लख्ख दिसलं.

सगळ्यात मोठी झुंज झाली ती केंटकीत, आणि माझ्या मते हा विषय समजून घ्यायला तेवढा एक खटला पुरतो. फ्लोरिडातली एक मोठी संस्था केंटकीत सभासद करत होती. हा बिनपरवाना विमा आहे, असं म्हणत राज्याच्या विमा खात्याने तिच्यावर दावा लावला. केंटकीच्या कायद्यात एक सवलत होती आणि ती चक्क धार्मिक प्रकाशनांसाठी होती. ऐकायला विचित्र वाटतं, पण वार्तापत्राचा इतिहास माहीत असला की उलगडतं. सवलतीची एक अट अशी की पैसा एका वर्गणीदाराकडून थेट दुसऱ्या वर्गणीदाराकडे जायला हवा.

या संस्थेत पाकिटं आणि चेक केव्हाच मागे पडले होते. प्रत्येक सभासदाच्या नावाने एक उपखातं, दर महिन्याला त्यात रक्कम जमा, आणि कुणाची ‘नीड’ आली की त्या खात्यांतून पैसे वळवायचे. संस्थेचं म्हणणं असं की आम्ही फक्त मधला दुवा, पैसा सभासदाचाच आणि देणारा तोच. शिवाय कागदोपत्री स्पष्ट लिहिलंय की कुणाचंही बिल भरलं जाण्याची हमी नाही. खालच्या न्यायालयांना ते पटलं. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र निकाल फिरवला. पैसा थेट जात नाही, म्हणून सवलत लागू नाही. आणि कागदावर काहीही लिहिलेलं असलं तरी सभासद आपल्या आजारपणाची जोखीम सगळ्यांच्या एकत्र निधीवर टाकतो, म्हणजे व्यवहार विम्याचाच.

मला हा निकाल योग्य वाटतो. विमा ठरतो तो माणूस कशाच्या भरवशावर निर्धास्त झोपतो यावरून, आणि इथे सभासद झोपतो तो बिल भरलं जाईल याच भरवशावर. पण निकाल टिकला नाही. २०१२ मध्ये त्याला धरून न्यायालयाने संस्थेला राज्यातलं काम थांबवायला सांगितलं, पण २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलून अशा योजना विम्याच्या व्याख्येबाहेर नेल्या. अशी सूट देणारी राज्यं आज तीसच्या घरात आहेत.

गंमत वर्षाची बघा. केंटकीच्या न्यायालयाने याला विमा म्हटलं ते २०१० मध्ये, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टने नेमकी उलट वाट घेतली. विमा नसलेल्याला दंड, असा तो कायदा. पण हेल्थ शेअरिंगचे सभासद दंडातून मुक्त. इथे १९६५ ची जुनी युक्ती परत आली, फक्त तारीख नवी. संस्था ना-नफा हवी, सभासद समान धार्मिक किंवा नैतिक श्रद्धेचे हवेत, आजार झाल्यावर कुणाला काढता कामा नये, दरवर्षी स्वतंत्र हिशेब तपासणी हवी, आणि संस्था ३१ डिसेंबर १९९९ पासून सलग अस्तित्वात व बिलं वाटून घेत असलेली हवी.

या एका तारखेने दार बंद झालं. १९९९ पूर्वी जे होतं ते जवळजवळ सगळं ख्रिस्ती होतं, त्यामुळे हिंदू मंडळींना, जैनांना किंवा एखाद्या मराठी मंडळाला स्वतःचं असं काही काढून सभासदांना दंडमाफी मिळवून देण्याची सोय उरली नाही. शंभराहून जास्त संस्थांना केंद्राकडून मान्यतेची पत्रं मिळाली, त्यांतल्या बऱ्याच एकेका चर्चपुरत्या मेनोनाइट मंडळ्या. मग अशा एखाद्या जुन्या, छोट्या मंडळीचा वारसा घेऊन नव्या, मोठ्या योजना उभ्या राहिल्या. श्रद्धेचं निवेदनही सैल होत गेलं. काही संस्था आजही चर्चला नियमित जाता का हे विचारतात, तर काहींना निरोगी राहणीवर विश्वास आहे एवढं म्हटलं तरी चालतं.

दंड २०१६ पर्यंत प्रौढामागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यातला जो जास्त तो, इथवर चढला. साहजिकच २०१० पूर्वी दोन लाखांच्या आत असलेले सभासद २०१८ पर्यंत दहा लाखांच्या आसपास गेले. २०१९ पासून दंड शून्यावर आला, तरी गर्दी ओसरली नाही. स्वस्त म्हणून लोक येतच राहिले. एजंटांना कमिशन मिळू लागलं. जॉर्जियातल्या एका नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने नव्याने काढलेल्या शेअरिंग संस्थेमार्फत धडाक्याने विक्री केली. २०१९ मध्ये टेक्सास, वॉशिंग्टन, कोलोरॅडो अशा राज्यांनी कारवाई सुरू केली आणि २०२१ मध्ये संस्था आणि कंपनी दोन्ही दिवाळखोरीत गेल्या. सभासदांची न भरलेली बिलं तशीच त्यांच्या गळ्यात राहिली. विमा कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी असतो. इथे तो नव्हता, कारण हा विमा नव्हता.

आपल्याकडे मेडिक्लेम नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. शेअरिंगमध्ये अपील बहुधा संस्थेच्याच आत चालतं. रोजचा व्यवहारही वेगळा आहे. हॉस्पिटलच्या काउंटरवर तुमची नोंद बहुधा ‘सेल्फ-पे’, म्हणजे स्वतः पैसे भरणारा, अशी होते. अपेंडिक्स काढून घरी आलेला माणूस पोटावरचे टाके सांभाळत बिलिंग ऑफिसला फोन लावतो, आयटमाइज्ड (बाबवार) बिल मागतो, रोखीची सवलत मागतो, कोड असलेलं प्रत्येक पान स्कॅन करून चढवतो आणि थांबतो. तोवर हॉस्पिटलची स्मरणपत्रं चालूच. मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार पहिली काही वर्षं बहुतेक ठिकाणी वगळलेले किंवा मर्यादित असतात. बाळंतपणाला गर्भधारणा सभासदत्वानंतरची हवी. काही योजनांत एका आजाराला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि कर्करोगाला ती पुरेलच असं नाही.

शब्दाचा गुंता २०२० मध्ये आणखी वाढला. जूनमध्ये केंद्राच्या कर खात्याने मसुदा काढला की शेअरिंगची वर्गणी करवजावटीसाठी वैद्यकीय विम्याचा खर्च मानावी. म्हणजे नियमांचं ओझं आलं की विमा नाही आणि सवलत आली की विमा. खुद्द काही शेअरिंग संस्थांना हा मसुदा अडचणीचा वाटला, कारण विमा म्हणवून घेतलं की केंटकी पुन्हा दारात उभं. कोलोरॅडोने २०२२ मध्ये वेगळा मार्ग धरला: बंदी नाही, पण आकडे द्या. किती बिलं आली, किती पात्र ठरली, एजंटांना किती गेले. असा हिशेब तीस वर्षांपूर्वीच मागायला हवा होता.

मार्केटप्लेसचं २०२१ मध्ये वाढवलेलं अनुदान २०२५ अखेरपर्यंतचंच होतं, म्हणून हा विषय पुन्हा घराघरांत आलाय. त्यात एक बारीक गोष्ट सुटून जाते. नोकरी गेल्यावर कोब्रा (जुन्या नोकरीतला विमा स्वखर्चाने चालू ठेवणं) किंवा मार्केटप्लेस निवडायला साठ दिवस मिळतात. ते दिवस शेअरिंगच्या भरवशावर जाऊ दिले आणि मे महिन्यात निदान झालं, तर शेअरिंग सोडणं हे ‘कव्हरेज गेलं’ यात मोडत नाही, आणि तेवढ्यावर मधल्या काळात विमा घेता येत नाही. फॉर्म भरायला १ नोव्हेंबर उजाडावा लागतो आणि विमा लागू होतो १ जानेवारीपासून.