युरोपीय संघाचे एकसंधता धोरण

युरोपीय संघातील संपन्न आणि मागास प्रदेशांमधील आर्थिक व सामाजिक दरी संघाच्या सामाईक तिजोरीतून कमी करण्याचे धोरण. ब्रुसेल्समध्ये याला ‘कोहिजन पॉलिसी’ म्हणतात. भौतिकशास्त्रातला ‘संसक्ती’ हा शब्द अचूक असला तरी बोजड आहे, म्हणून या नोंदीत ‘एकसंधता’ हा शब्द योजला आहे. संघाच्या अर्थसंकल्पातील साधारण एक तृतीयांश रक्कम या धोरणावर खर्च होते. २०२१–२७ या सात वर्षांसाठी सुमारे ३९२ अब्ज युरोंची तरतूद आहे. हा आकडा प्रचंड वाटतो, पण त्याचा दरवर्षीचा हिस्सा सत्तावीस देशांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाशी ताडून पाहिला तर तो एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरतो. हे पैसे ज्या देशांकडे एकवटतात तिथले चित्र वेगळे असते. हंगेरीत काही वर्षे ही रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांपर्यंत पोचली होती. तिथली नवी शाळा, मलनिस्सारण प्रकल्प किंवा रस्ता पाहिला की बारा ताऱ्यांची निळी पाटी हमखास दिसते.

उगम. संघाच्या पूर्वरूपाचा पाया घालणाऱ्या १९५७ च्या रोम कराराच्या प्रास्ताविकातच प्रदेशांमधील तफावत कमी करण्याचा उल्लेख आहे. मात्र त्या वेळी सहा सदस्य देशांत मोठा मागास भाग म्हणावा असा एकच होता : इटलीचा दक्षिण भाग, म्हणजे ‘मेझ्झोजोर्नो’. तिथली माणसे बेल्जियमच्या कोळसा खाणींत आणि जर्मनीच्या मोटार कारखान्यांत कामाला जात होती. त्याच कराराने निर्माण झालेल्या युरोपीय सामाजिक निधीचे सुरुवातीचे काम अशा कामगारांचे पुनर्प्रशिक्षण आणि स्थलांतर यांना मदत करण्याचे होते. माणसाने कामाच्या शोधात गाव सोडावे, ही त्यामागची अपेक्षा. काम माणसाच्या गावी न्यावे, हा विचार पुढे आला.

त्याला निमित्त झाले १९७३ च्या विस्ताराचे. ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क आत आले. सामाईक शेती धोरणातून ब्रिटनला फारसे काही मिळणार नव्हते. उलट कोळसा आणि जहाजबांधणीवर जगणारे त्याचे जुने पट्टे ओस पडू लागले होते. इटलीची मागणी जुनीच होती. प्रादेशिक धोरणाची जबाबदारी युरोपीय आयोगातील (संघाच्या कार्यकारी मंडळातील) जॉर्ज थॉमसन या स्कॉटिश आयुक्तांकडे आली आणि १९७५ मध्ये युरोपीय प्रादेशिक विकास निधी स्थापन झाला. पहिली दहा-बारा वर्षे हा निधी देशनिहाय कोट्याने वाटला जाई आणि बहुतेक सरकारे तो आपल्या आधीच ठरलेल्या खर्चाची भरपाई म्हणून वापरत. मागास प्रदेशाच्या नावावर पैसा येई आणि अर्थखात्याच्या तिजोरीत मुरून जाई.

१९८८ ची पुनर्रचना. आजचे धोरण खऱ्या अर्थाने युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष झाक देलोर यांच्या काळात घडले. १९८१ मध्ये ग्रीस, तर १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल सामील झाले होते आणि त्याच वेळी सीमाशुल्काच्या पलीकडचे सारे अडथळे दूर करून एकच बाजारपेठ उभारण्याचे ठरत होते. देलोर यांचा युक्तिवाद सरळ होता. बाजारपेठ खुली झाली की भांडवल आणि कुशल माणसे जिथे आधीच समृद्धी आहे तिकडे ओढली जातील. काठावरच्या देशांना या स्पर्धेत उतरायला सांगायचे असेल, तर त्यांना उभे राहण्याचे बळही सगळ्यांनी मिळून द्यायला हवे. १९८६ च्या एकल युरोपीय कायद्याने ‘आर्थिक आणि सामाजिक एकसंधता’ हे उद्दिष्ट करारात आणले आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये निधी दुप्पट करण्याचा निर्णय झाला. १९८९–९३ या काळात सुमारे ६४ अब्ज एक्यू (युरोच्या आधीचे हिशेबी चलन) उपलब्ध झाले. पुढे स्पेनचे पंतप्रधान फेलिपे गोन्सालेस यांच्या आग्रहामुळे मास्ट्रिक्ट करारात स्वतंत्र एकसंधता निधी आला. त्याचे निकष प्रदेशाला नव्हे, अख्ख्या देशाला लागू होतात : दरडोई राष्ट्रीय उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ९० टक्क्यांहून कमी असावे लागते. स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस आणि आयर्लंड हे त्याचे पहिले लाभार्थी.

१९८८ मध्ये ठरलेली चार सूत्रे अजून टिकून आहेत. पैसा सर्वांत गरीब भागांवर केंद्रित करायचा. सुट्या प्रकल्पांऐवजी अनेक वर्षांचे कार्यक्रम आखायचे. त्या आखणीत प्रादेशिक शासने, कामगार संघटना आणि उद्योजक यांना भागीदार करायचे. चौथे सूत्र सर्वांत महत्त्वाचे आणि पाळायला सर्वांत अवघड आहे : युरोपचा पैसा देशाच्या स्वतःच्या खर्चात भर घालणारा असावा, त्याची जागा घेणारा नसावा. म्हणूनच प्रत्येक कार्यक्रमात देशाला आपला वाटा घालावा लागतो. अविकसित प्रदेशांत संघ खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत भार उचलतो. श्रीमंत प्रदेशांत हा वाटा निम्म्याहून कमी होतो. मंजूर झालेली रक्कम ठरलेल्या मुदतीत (साधारण तीन वर्षांत) खर्ची पडली नाही, तर ती परत जाते.

पंचाहत्तर टक्क्यांची रेषा. संघाचा भूप्रदेश सांख्यिकीच्या सोयीसाठी ‘नट्स’ या वर्गीकरणाने विभागला आहे. त्यातील दुसऱ्या पातळीचे सुमारे २४० प्रदेश, साधारणतः ८ ते ३० लाख लोकवस्तीचे, हा या धोरणाचा पाया आहे. प्रत्येक प्रदेशाचे दरडोई उत्पादन स्थानिक क्रयशक्तीनुसार मोजतात आणि संघाच्या सरासरीशी तुलना करतात. ७५ टक्क्यांहून कमी असेल तो अविकसित, ७५ ते १०० टक्के असेल तो संक्रमणशील, त्यावर विकसित. शाळा, दवाखाने, सिंचन यांचा अनुशेष मोजून वाटप करण्याची पद्धत इथे नाही; एका आकड्यावर बहुतेक सारे ठरते.

या आकड्याचे दोष गंभीर आहेत. कामावर रोज दुसऱ्या प्रदेशातून येणाऱ्यांचे उत्पादन राजधानीच्या खात्यात जमा होते आणि त्यांची लोकसंख्या मात्र शेजारच्या प्रदेशात मोजली जाते. आयर्लंडमध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांचा नफा कागदोपत्री नोंदला गेल्याने दरडोई उत्पादन इतके फुगते की त्यावरून सामान्य आयरिश कुटुंबाची स्थिती ओळखताच येत नाही. २००४ मध्ये दहा नवे देश आले तेव्हा तर अधिक विचित्र प्रकार घडला. नवे सदस्य गरीब असल्याने संघाची सरासरीच खाली आली आणि स्पेनमधील आस्तुरियाससारखे प्रदेश रेषेच्या वर गेले. तिथल्या खाणकामगारांच्या हातात एक युरोही जास्त आलेला नव्हता. याला ‘सांख्यिकी परिणाम’ असे कोरडे नाव मिळाले आणि अशा प्रदेशांसाठी टप्प्याटप्प्याने घटणारी मदत चालू ठेवावी लागली.

रेषा एवढी मोलाची असल्यावर नकाशेही तिच्याभोवती फिरू लागतात. सगळा देश एकच प्रदेश मानला असता तर मदत गेली असती, म्हणून आयर्लंडने १९९९ मध्ये स्वतःचे दोन भाग पाडले. पोलंडने वॉर्सा शहर माझोव्हिया प्रांतापासून सांख्यिकीपुरते वेगळे केले आणि हंगेरीने बुडापेस्ट भोवतालच्या पेश्त परगण्यापासून. हे निधीसाठी केलेले डावपेच होते यात शंका नाही, पण त्यांत तथ्यही आहे. वॉर्सा संघाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे, भोवतालचा माझोव्हिया ७५ टक्क्यांच्या खाली. एकत्र मोजले की शहराच्या झगमगाटात खेडी दिसेनाशी होत.

काही प्रदेशांचे अनुभव. आयर्लंड १९७३ मध्ये दरडोई उत्पादनात युरोपीय सरासरीच्या सुमारे साठ टक्क्यांवर होता. शतकाच्या अखेरीस त्याने सरासरी ओलांडली. या यशाचे श्रेय केवळ निधीला देता येत नाही. कमी कंपनी कर, इंग्रजी भाषा आणि अमेरिकी गुंतवणूक यांचा वाटा मोठा आहे. तरीही आयर्लंडने सामाजिक निधीतला पैसा प्रादेशिक तंत्रमहाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांवर सातत्याने खर्च केला, आणि कारखाने आले तेव्हा कुशल हात तयार होते. ग्रीसला उत्पन्नाच्या प्रमाणात तितकीच भरघोस मदत मिळाली. अथेन्सची मेट्रो, महामार्ग, पूल उभे राहिले, जीवनमान वाढले. पण २००८ नंतरच्या कर्जसंकटात देश सरासरीच्या दोन तृतीयांशांपर्यंत घसरला. रस्ता बांधून होतो, त्यावरून काय वाहून न्यायचे हे रस्ता ठरवत नाही.

सर्वांत मोठा लाभार्थी पोलंड. २००४ मध्ये तो सरासरीच्या निम्म्यावर होता, दोन दशकांत तीन चतुर्थांशांच्या पुढे गेला. याउलट कालाब्रिया, सिसिली, कांपानिया हे दक्षिण इटलीचे प्रदेश चार दशके मदत घेऊनही अविकसित गटातच आहेत. आणि बल्गेरियाचा वायव्य भाग, विदिन आणि व्रात्सा यांचा, आजही सरासरीच्या निम्म्याहून बराच खाली घुटमळतो. विदिनजवळ डॅन्यूबवर युरोपीय निधीतून रुमेनियाला जोडणारा पूल २०१३ मध्ये खुला झाला; तरुणांचे गाव सोडून जाणे मात्र थांबले नाही.

आकडेवारीपेक्षा दोन ठिकाणे या धोरणाचा अर्थ चांगला सांगतात. क्रोएशियाचा दुब्रोव्निकचा भाग बॉस्नियाच्या नेउम या किनारपट्टीमुळे उर्वरित देशापासून तुटलेला होता. आपल्याच देशात जायला दोनदा सीमातपासणी पार करावी लागे. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या पेल्येशाच पुलाने तो जोडला गेला. त्यासाठी संघाने ३५ कोटी ७० लाख युरो दिले. बांधकामाचे कंत्राट खुल्या निविदेतून चिनी कंपनीला मिळाले, आणि त्यावर युरोपात बराच वाद झाला. दुसरे ठिकाण पिरेनीज पर्वतातले सेर्दान्या खोरे. १६५९ च्या तहाने ते फ्रान्स आणि स्पेन यांच्यात विभागले गेले. फ्रेंच बाजूच्या रुग्णाला घाटरस्त्याने पेर्पिन्याँपर्यंत जावे लागे. हिवाळ्यात ते जीवघेणे ठरू शके. प्रादेशिक निधीच्या सीमापार सहकार्य कार्यक्रमातून, ‘इंटररेग’मधून, पुइगसेर्दा गावी दोन्ही देशांचे सामाईक रुग्णालय उभे राहिले आणि २०१४ मध्ये सुरू झाले. इमारत हा त्यातला सोपा भाग होता. डॉक्टरांच्या पदव्या, विम्याची देयके, कागदपत्रांची भाषा, हे सगळे दोन कायद्यांत बसवावे लागले.

मूल्यमापन. ७५ टक्क्यांच्या रेषेने अर्थशास्त्रज्ञांना एक सोय करून दिली : रेषेच्या किंचित खालचे आणि किंचित वरचे प्रदेश जवळपास सारखे असतात, फरक असतो तो मदतीचा. साशा बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशी तुलना करून दाखवले की मदत मिळालेल्या प्रदेशांत दरडोई उत्पादन वेगाने वाढले, पण रोजगारात तशी वाढ दिसली नाही. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात आणखी महत्त्वाची गोष्ट निघाली : जिथे शिक्षणाची पातळी आणि शासनसंस्थांचा दर्जा चांगला होता तिथेच पैसा फळला. म्हणजे ज्या प्रदेशांना मदतीची सर्वाधिक गरज आहे, त्यांचीच ती पचवण्याची ताकद सर्वांत कमी. छोट्या नगरपालिकेकडे निविदा काढायला, हिशेब ठेवायला, तपासणीला उत्तर द्यायला माणसेच नसतात आणि मुदत संपत आली की जो प्रकल्प कागदावर तयार असेल त्यावर पैसा ओतला जातो. ओस विमानतळ अशा घाईतून जन्मतात. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांवर कडक ताशेरे ओढले.

इटलीचे अर्थतज्ज्ञ फाब्रित्सिओ बार्का यांच्या २००९ च्या अहवालाने याच मुद्द्यावर बोट ठेवले. प्रत्येक ठिकाणाची गरज वेगळी, म्हणून आखणीही तिथल्या लोकांच्या माहितीतून व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी लागू झालेल्या लिस्बन करारात ‘प्रादेशिक एकसंधता’ हे तिसरे अंग जोडले गेले. बेटे, डोंगराळ मुलूख आणि विरळ वस्तीचा उत्तर भाग यांचा त्यात नावाने उल्लेख आहे. देशादेशांमधील अंतर गेल्या वीस वर्षांत निश्चितपणे घटले. पण बऱ्याच देशांच्या आत, राजधानी आणि बाकीचा मुलूख यांच्यातले अंतर वाढले, आणि या धोरणाची खरी परीक्षा आता तिथेच आहे.

राजकारण. पैसा पोचला म्हणजे आपुलकी निर्माण होते असे नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलला २००० पासून सर्वोच्च दर्जाची मदत मिळत होती. २०१६ च्या सार्वमतात तिथल्या ५६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. दक्षिण वेल्सच्या पोलाद आणि कोळशाच्या खोऱ्यांतही तेच घडले. कारखाना बंद पडून दोन पिढ्या उलटल्यावर आलेली नवी इमारत तिथल्या लोकांना आपली वाटली नाही, हे समजण्यासारखे आहे. ज्यांची गणना ना गरिबांत ना श्रीमंतांत होते आणि जे वर्षानुवर्षे जागच्या जागी अडकले आहेत, अशा प्रदेशांतला असंतोष फ्रान्स आणि इटलीतही दिसतो.

निधी हा दबावाचे साधनही झाला आहे. कायद्याच्या राज्याशी निधी जोडणाऱ्या नियमानुसार मंत्रिपरिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीच्या एकसंधता कार्यक्रमांतील ६.३ अब्ज युरो गोठवले. त्यातले सुमारे एक अब्ज मुदत टळल्याने २०२४ च्या अखेरीस कायमचे गेले. सरकारला धडा शिकवताना झळ मात्र मागास परगण्यांना बसते, ही अडचण अजून सुटलेली नाही.

कोळशावर अवलंबून असलेले पोलंडचे सायलेशिया, रुमेनियाचे झिऊ खोरे, ग्रीसचा पश्चिम मॅसिडोनिया यांसाठी २०२१ पासून न्याय्य संक्रमण निधी वेगळा ठेवला आहे. २०२८ नंतरच्या अर्थसंकल्पासाठी युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात एकसंधता आणि शेती यांचा पैसा एकत्र करून प्रत्येक देशाशी एकच योजना करण्याची कल्पना आहे. प्रदेशांच्या प्रतिनिधींची समिती आणि अनेक प्रांतिक शासने यांचा तिला कडवा विरोध आहे. कारण निर्णय पुन्हा राष्ट्रीय अर्थखात्यांकडे गेले, तर १९८८ मध्ये मिळवलेली भागीदारी हातची जाईल, अशी त्यांना धास्ती वाटते.