देवदूतांच्या नावांवरून नामकरण (इस्लाम)

जिब्रील, मीकाईल, इस्राफील यांसारखी देवदूतांची नावे मुलांना ठेवावीत की नाही, हा इस्लामी धर्मशास्त्रातील जुना मतभेदाचा विषय आहे. कुराणात जिब्रील व मीकाल (२:९८), हारूत व मारूत (२:१०२) आणि नरकाचा रक्षक मालिक (४३:७७) एवढ्याच देवदूतांची नावे येतात. मृत्यूच्या देवदूताला तेथे केवळ ‘मलकुल मौत’ म्हटले आहे. इज्राईल हे त्याचे नाव नंतरच्या परंपरेतले.

मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू इ.स. ७९५) यांना मुलाचे नाव जिब्रील ठेवणे पसंत नव्हते. इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनीही अशी नावे ‘मकरूह’ म्हणजे टाळावीत अशी मानली. या मतामागे नावाच्या अप्रतिष्ठेची भीती दिसते, कारण नाव प्रेमाने घेतले जाते तसे रागाच्या भरातही उच्चारले जाते. खलिफा उमर यांच्याविषयी अशीच एक कथा सांगतात, पण ती पैगंबरांच्या नावाबाबत आहे: मुहंमद नावाच्या आप्ताला कोणी शिव्या देताना ऐकून त्यांनी त्याचे नाव अब्दुर्रहमान केले. ‘पैगंबरांची नावे ठेवा, देवदूतांची ठेवू नका’ असे एक हदीसवचनही (पैगंबरांचे म्हणून सांगितले जाणारे वचन) पुढे केले जाते, परंतु त्याची सनद, म्हणजे कथनकर्त्यांची परंपरा, कमकुवत मानली जाते. शाफिई या सुन्नी धर्मशास्त्रीय परंपरेतील पंडित नववी (मृत्यू १२७७) यांनी मात्र अशी नावे ठेवण्यास हरकत नाही, हेच बहुसंख्य विद्वानांचे मत असल्याचे नोंदवले आहे. ज्यांनी जिब्रील नावाबद्दल नापसंती दाखवली, त्या इमामांचे स्वतःचे नाव नरकाच्या रक्षकाचेच होते, हा योगायोग गमतीचा. अर्थात ‘मालिक’ हा ‘स्वामी’ या अर्थाचा रूढ शब्द असल्याने त्यावर आक्षेप आला नाही. स्वर्गाच्या रक्षकाचे म्हणून ओळखले जाणारे रिझवान हे नावही मूळ ‘प्रसन्नता’ या अर्थामुळे भारतीय उपखंडात निःशंकपणे ठेवले जाते.

मुलींच्या बाबतीत आक्षेप अधिक कडक आहे. देवदूतांना स्त्रिया ठरवणाऱ्या अरबांची कुराणात कानउघाडणी केलेली असल्याने (४३:१९) ‘मलक’ किंवा त्याचे अनेकवचन ‘मलाइका’ हे मुलीचे नाव ठेवणे म्हणजे त्याच समजुतीला खतपाणी घालणे होय, असे काही आधुनिक विद्वान म्हणतात. तरीही ही दोन्ही नावे प्रचारात आहेत.

प्रत्यक्ष व्यवहारात सेनेगलमध्ये जिब्रील, तर तुर्कस्तानात मीकाईल हे नाव आढळते. अहमदनगर व नंतर विजापूरच्या दरबारात राहिलेला इतिहासकार मुहंमद कासिम तर ‘फिरिश्ता’, म्हणजे देवदूत, याच नावाने ओळखला जातो. मलिक अंबरच्या नावातील ‘मलिक’ मात्र या गटात बसत नाही: तो राजा किंवा सरदार या अर्थाचा किताब असून, देवदूतवाचक ‘मलक’ आणि तो अरबी लिपीत स्वरचिन्हांविना सारखेच लिहिले जातात.