याज्ञिक, चित्तरंजन

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ व संशोधक. दिसायला सडपातळ, पण शरीरात चरबी जास्त, अशा भारतीय देहरचनेची कल्पना त्यांनी मोजमापांच्या आधारे मांडली. वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात झाले. पुढे ऑक्सफर्डला मधुमेहावर संशोधन करून ते पुण्यात परतले आणि के. ई. एम. रुग्णालयाचा मधुमेह विभाग त्यांनी उभा केला.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला टाइप २ मधुमेहाचा रोगी चांगला जाडजूड आणि उतारवयाकडे झुकलेला असे. पुण्याच्या ओपीडीत मात्र तिशी-चाळिशीतले आणि वजनकाट्यावर बेताचेच भरणारे रोगी येत. कमरेभोवती टेप धरली की पोट दिसे. वजन-उंची निर्देशांक (बीएमआय) वजनाला उंचीच्या वर्गाने भागून निघतो, त्यामुळे त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती हे त्यातून कळत नाही. हा दोष दाखवण्यासाठी याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. दोघांचा निर्देशांक २२.३ होता, पण क्ष-किरण तपासणीत चरबी युडकिनांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांचे आद्याक्षर वाय, म्हणून हा विरोधाभास ‘वाय-वाय’ नावाने ओळखला जातो. दोनच माणसांवरून नियम सिद्ध होत नाही. तरी बीएमआयची मर्यादा इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

ही ठेवण मोठेपणी येते की जन्मतःच असते, याचे उत्तर ‘पुणे मातृपोषण अभ्यासा’ने शोधले. तो १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल त्यात सहकारी होते. विवाहित स्त्रियांची पाहणी दिवस जाण्याआधीच सुरू होई. दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख टिपायची, दिवस गेले की सोनोग्राफीने ती पडताळायची, आहार १८व्या आणि २८व्या आठवड्यात नोंदवायचा आणि बाळाची मापे जन्मानंतर ७२ तासांत घ्यायची. तारीख चुकली तर अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि पूर्ण दिवसांचे पण लहान राहिलेले बाळ यांत फरकच करता येत नाही. त्यात बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत, म्हणजे ७२ तासांचे वेळापत्रक सांभाळणे सोपे नव्हे.

सर्वांत नाजूक माप कातडीच्या घडीचे. बाळाच्या फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) टोकाखाली त्वचा आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरून स्नायूपासून सुटी करायची, कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावायचा आणि काही सेकंदांतच आकडा वाचायचा. उशीर झाला की चरबी दाबली जाऊन आकडा उतरतो. चिमटीत स्नायू आला तर आकडा फुगतो. मोजणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा पडतो, म्हणून सर्वांनी तीच बाळे मोजून आकडे जुळवून पाहावे लागतात.

पुण्याच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. सर्वच मापे लहान होती, पण सारखी लहान नव्हती. प्रमाण विचलनाच्या एककात (म्हणजे बाळाबाळांत एरवी पडणाऱ्या फरकाच्या पट्टीवर) पोटाचा घेर २.३८ने आणि दंडाचा १.८२ने कमी, तर फऱ्याखालची घडी फक्त ०.५३ने. म्हणजे पोटातले अवयव आणि स्नायू मागे पडले, चरबी बरीचशी टिकली. नाळेच्या रक्तात, वजनाच्या मानाने, इन्सुलिन आणि लेप्टिन (चरबीतून स्रवणारे संप्रेरक) हेही जास्त सापडले. ‘कमी वजनाचे बाळ’ या शब्दांत हे काहीच दिसत नाही.

आयांचा आहार १८व्या आठवड्यात दिवसाला सुमारे १,७७० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने इतकाच होता. तरी बाळाच्या आकाराशी संबंध दिसला तो एकूण कॅलरींचा नव्हे, तर दूध, पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाण्यात येतात याचा. दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. फोलेट (गोळीतले फोलिक ॲसिड ज्याचे रूप आहे ते जीवनसत्त्व) मात्र एकीचेच कमी निघाले. मुले सहा वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आईचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते त्यांच्यात इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. यावरून गरोदरपणात फोलिक ॲसिडची गोळी बंद करावी असा अर्थ काढणे चूक आहे. ती बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळते. मुद्दा बी-१२ची उणीव तशीच राहण्याचा आहे. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळते, आणि कपभर दुधाच्या चहातून ते फारसे येत नाही.

२०१२ मध्ये याच अभ्यासात जन्मलेल्या, तोवर वयात आलेल्या मुलामुलींवर ‘प्रिया’ ही चाचणी सुरू झाली. दिवसाला २ मायक्रोग्रॅम बी-१२, एका गटाला त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, आणि एका गटाला औषध नसलेली गोळी. पूरक पोषण गर्भधारणेच्या आधीपासून द्यायचे, कारण डॉक्टरकडे पहिली फेरी होईपर्यंत गर्भाचे अवयव घडायला लागलेले असतात.