सीमाच नसलेला मतदारसंघ

मतदारसंघ म्हटलं की आपल्याला तालुके, वॉर्ड, गावं आठवतात. पण स्कॉटलंडमध्ये १९१८ ते १९५० असा एक मतदारसंघ होता ज्याच्याकडे वीतभर जमीन नव्हती. ग्लासगो, अ‍ॅबर्डीन, एडिनबरा आणि सेंट अँड्र्यूज या चार युनिव्हर्सिट्यांमधून पदवी घेतलेली माणसं हेच त्याचे मतदार, मग ती राहायला कुठेही असोत, मतपत्रिका पोस्टाने यायची आणि पोस्टानेच परत जायची. खासदार तीन. आणि गंमत म्हणजे या लोकांना मतं दोन, एक राहत्या घराचं, एक डिग्रीचं!

आपल्याकडे विधान परिषदेला पदवीधर मतदारसंघ असतो आणि उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम टाकतात ना, तोच प्रकार. समजा ४००० मतं पडली आणि जागा तीन, तर चाराने भागायचं आणि एक मिळवायचा, म्हणजे १००१ हा कोटा, जिंकायला लागणारी मतं. एवढी मतं चौघांना मिळूच शकत नाहीत, म्हणून हा आकडा. आता एखाद्याला १५०० पडली तर वरची ४९९ वाया जात नाहीत, दुसऱ्या पसंतीप्रमाणे बाकीच्यांकडे वळतात, आणि तरीही जागा भरल्या नाहीत तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद करून त्याची मतं वाटायची. साधं गणित आहे, पण हातानं मोजायला बसलं की घाम फुटतो.

हा मतदारसंघ आकाशातून पडला नाही. १८६८ पासून चार युनिव्हर्सिट्यांच्या दोन जोड्या होत्या, प्रत्येकीला एक खासदार. एडिनबरा-सेंट अँड्र्यूजचा पहिला खासदार लायन प्लेफेअर, केमिस्ट्रीवाला, जन्म आपल्या गंगेकाठच्या चुनारचा. त्याच्या नावाने एक सायफर, म्हणजे मजकूर गुप्त करायची पद्धत, ओळखला जातो, पण तो शोधला व्हीटस्टन या शास्त्रज्ञानं, याने नुसती शिफारस केली आणि नाव याचं लागलं!

मला सगळ्यात आवडतो तो जॉन ग्रॅहम कर. ग्लासगोचा झूलॉजीचा प्रोफेसर, दक्षिण अमेरिकेत फुप्फुसं असलेले मासे शोधत हिंडलेला. १९१४ साली त्याने तेव्हाचा नौदलमंत्री चर्चिलला सांगितलं की जनावरांच्या अंगावरचे पट्टे आणि पोटाकडचा फिका रंग बघा, तसंच जहाजांना रंगवा म्हणजे शत्रूला आकारच कळणार नाही. पुढे जहाजं रंगवली गेली पण श्रेय मिळालं नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराला, आणि कर बरीच वर्षं त्यावर भांडत राहिला. १९३५ मध्ये तो इथून खासदार झाला आणि मतदारसंघ बंद होईपर्यंत टिकला.

त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत तर कहरच. इथले उमेदवार नोएल स्केल्टन वारले, मतं पडून गेलेली, निकाल यायचा होता, आणि निकालात ते निवडून आले! मग रिकाम्या जागेवर १९३६ च्या पोटनिवडणुकीत कोण, तर नुकतेच स्वतःच्या मतदारसंघात हरलेले माजी पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड. म्हणजे हरलेल्यांची सोय लावायलाही ही जागा बरी पडायची, हेही सांगायला हवं. त्यांच्यानंतर आले जॉन अँडरसन, आधी बंगालचे गव्हर्नर. तरुणपणी लाइपझिगला युरेनियमची केमिस्ट्री शिकलेले, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या अणुबॉम्बच्या कामाची जबाबदारी त्यांच्यावरच आली. घरामागच्या अंगणात पुरायचे ते पत्र्याचे अँडरसन शेल्टर त्यांच्याच नावाचे.

१९४५ च्या एप्रिलमध्ये आहारावर संशोधन करणारे डॉक्टर जॉन बॉइड ऑर अपक्ष म्हणून आले. याच माणसाने शाळकरी पोरांना जास्तीचं दूध देऊन त्यांची उंची-वजनं मोजून दाखवली होती. पण संसदेत फार रमले नाहीत, त्याच वर्षी एफएओचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे, पहिले महासंचालक झाले, १९४६ मध्ये जागा सोडली, आणि १९४९ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

त्या जागेवर त्यांचे ग्लासगोचे कॉलेजदोस्त वॉल्टर एलियट आले, तेही डॉक्टर, १९४५ ला ग्लासगोच्या केल्विनग्रोव्हमध्ये फक्त ८८ मतांनी पडलेले. मग पंतप्रधान अ‍ॅटलींच्या मजूर पक्षाच्या सरकारने १९४८ च्या कायद्याने डिग्रीचं जादा मत बंद केलं, १९५० च्या निवडणुकीत हा मतदारसंघ नव्हताच, आणि एलियट परत केल्विनग्रोव्हला उभे राहिले. या वेळी जिंकले.