वसईच्या चर्चची घंटा मेणवलीच्या घाटावर

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथे मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. वजन सुमारे ६५० किलो सांगतात. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. अशी चित्रं-अक्षरं मागाहून कोरत नाहीत. साच्यातच उलटी उठवतात आणि ओतकामात वर येतात. म्हणजे साल ओतणीचंच.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगिजांची दोनशे वर्षांची सत्ता तिथून उठली. विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चमधल्या घंटा कोकणातून वर देशावर आल्या. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ आणि भीमाशंकर इथल्याही त्यातल्याच. मेणवलीची घंटाही ‘वसईहून थेट नानांकडे’ आली असं म्हणतात, ते मात्र जुळत नाही. वसई पडली तेव्हा नाना जन्मलेही नव्हते (जन्म १७४२), आणि गाव त्यांना इनाम मिळालं माधवराव पेशव्यांच्या काळात. मधली काही दशकं घंटा दुसरीकडेच असणार.

घंटा तीच राहिली, वाजवण्याची रीत बदलली. चर्चमध्ये ती मनोऱ्यात, लाकडी जुवाला बांधून टांगतात. खालून दोर ओढला की अख्खी घंटा झुलते, आतला लोलक (टोला) स्वतःच्या वजनाने आपटून लगेच सुटतो आणि आवाज मनोऱ्याच्या खिडक्यांतून गावभर जातो. देवळात घंटा जागची हलत नाही, भाविक लोलकच हाताने मारतो. घाटावर ती माणसाच्या उंचीला आली, म्हणून आवाजाचा पल्लाही आखडला.

लोलक असा हाताने मारण्यातच धोका आहे. हिला पंचधातूची म्हणतात, पण युरोपीय घंटा मुख्यतः तांबं आणि कथील यांची, साधारण चारास एक. हा मिश्रधातू गोड वाजतो, पण ठिसूळ असतो. जोराने हाणून लोलक क्षणभर तसाच दाबून धरला तर कंप अडतो आणि तडा जाऊ शकतो. मार नेहमी काठाजवळच्या सर्वांत जाड पट्ट्यावर पडावा. एकाच जागी झीज होऊन खळगा पडला की घंटा पाव फेरा फिरवून टांगतात, म्हणजे मार कोऱ्या जागी बसतो. ऑइलपेंट तर लावूच नये: नाद बसतो आणि साल-चित्रं बुजतात. टांगणीचा लोखंडी आकडा मात्र दर पावसाळ्यानंतर तपासावा. गंज आधी तिथे धरतो.