‘टर्बो गेला’ म्हणण्याआधी गळती शोधा

कसारा घाटात गाडी उठेनाशी झाली की नाशिकला पोचल्यावर दोन निदानं हमखास ऐकू येतात. एक, ‘टर्बो गेला.’ दोन, ‘वर हवा विरळ असते, चालायचंच.’ दुसरं निदान साध्या हिशेबात टिकत नाही. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत आपण सुमारे ३०० मीटर चढतो. तेवढ्याने हवेचा दाब तीन-साडेतीन टक्के उतरतो, आणि ही तूट टर्बो सहज भरून काढतो. पहिलं निदान खरं असू शकतं, पण खर्च सगळ्यात जास्त त्याचाच. पुष्कळदा दोषी निघतो तो हवा नेणारा तडकलेला रबरी होज (नळी) किंवा सैल पडलेला क्लॅम्प.

टर्बो ही आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेली कल्पना. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंवर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतं. ही दाबलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होते, थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या) झडपेतून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमध्ये जाते आणि तिथून सिलिंडरमध्ये.

खरी गंमत मॅनिफोल्डमध्ये आहे. नाशिकच्या उंचीवर बाहेरचा दाब साधारण ०.९५ बार असतो. पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद, म्हणून मॅनिफोल्डमध्ये दाब उरतो ०.३५ बारच्या आसपास. घाटात पाय दाबला की तोच दाब १.७ बारवर जातो. म्हणजे मॅनिफोल्डला एखादी चीर असेल तर सिग्नलला तिच्यातून हवा आत शिरते आणि चढावर बाहेर पडते.

आता ती चीर म्हणजे दीड मिलिमीटर व्यासाचं छिद्र आहे असं धरू. आतला दाब बाहेरच्या सुमारे ५३ टक्क्यांच्या खाली गेला की छिद्रातल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडतो. त्यापुढे आत कितीही ओढ वाढली तरी जास्त हवा येऊ शकत नाही. ०.३५ भागिले ०.९५ म्हणजे ३७ टक्के, तेव्हा आपण त्या हद्दीच्या बरेच आत आहोत. गणित केलं तर सेकंदाला जेमतेम ०.३ ग्रॅम हवा येते. पण १.२ लिटरच्या इंजिनाला आयडलिंगला लागते ती मुळात अडीच ग्रॅमच्या घरात! त्यातला आठवा हिस्सा हवा मोजणाऱ्या सेन्सरने मोजलेलाच नाही. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) पेट्रोल १४-१५ टक्के वाढवतो. स्कॅनरवर हा आकडा फ्युएल ट्रिम म्हणून दिसतो. रेस देऊन इंजिन २५०० फेऱ्यांवर धरा. हवेची गरज वाढते, गळती मात्र वाढत नाही, म्हणून ट्रिम तीन-चार टक्क्यांवर येतो. ही घसरण दिसली तर गळती थ्रॉटलच्या पुढे आहे, असं समजायला हरकत नाही. ट्रिम उतरायच्या ऐवजी वाढतच गेला तर इंधनाचा पंप आणि फिल्टर तपासा. ज्या गाड्या फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजून हवेचा अंदाज घेतात, त्यांत मात्र ही खूण धूसर असते. तिथे आयडलिंग चढलेलं राहतं.

टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधल्या होजची चीर नेमकी उलटी वागते. गाडी उभी असताना तिथे दाब जवळपास बाहेरइतकाच, चिरेचे ओठ मिटलेले. म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. भार आला की ओठ उघडतात, फुस्स आवाज येतो, पिकअप पडतो. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असेल तर मोजलेली हवा वाटेतच निसटते आणि इंधन हवेच्या मानाने जास्त पडतं. डिझेल गाडी मग काळा धूर सोडते.

अशी चीर शोधायची तर इंजिन बंद ठेवून टर्बोचं तोंड बुचाने बंद करतात, कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरतात, पण गाडीच्या नेहमीच्या बूस्टपेक्षा (टर्बोने दिलेल्या जादा दाबापेक्षा) जास्त नाही. मग सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं आणि पंक्चर काढताना बघतो तसे बुडबुडे बघायचे. मॅनिफोल्डच्या बारीक गळतीला स्मोक टेस्ट उत्तम. तेलाचा धूर अगदी कमी दाबाने आत सोडतात, तो चिरेतून वर येतो. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत अजून चालते. ती सोडून द्या, आग लागते.

नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणारे आणि पेट्रोलच्या नळीवर ‘अ‍ॅव्हरेज वाढवणारं’ चुंबक बसवणारे, दोघांनाही माझं एकच सांगणं आहे: तो पैसा होजच्या क्लॅम्पवर घाला. पेट्रोलवर चुंबकाचा उपयोगी पडावा असा काहीच परिणाम होत नाही.

आणि गळती तशीच ठेवून नवा टर्बो बसवू नका. ठरलेला दाब मिळत नाही म्हणून ईसीयू त्याला आणखी पळवतो. छोटे टर्बो आधीच मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातात. त्यावर हा जादा वेग म्हणजे नव्या टर्बोचे बेअरिंग लवकर झिजणार.