पाइपभोवतीची गळती सिमेंटने का थांबत नाही?

२०२७ च्या सिंहस्थामुळे गोदाकाठची मलजलशुद्धीकरण केंद्रे पुन्हा बातम्यांत आहेत. तपोवन असो की आगर टाकळी, चर्चा होते ती एमएलडीची, म्हणजे रोज किती दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध होणार याची. टाकीच्या भिंतीतून पाइप आरपार जातो त्या जागेकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि गळतीला सुरुवात बरेचदा तिथूनच होते.

पाइपभोवतीच्या फटीत सिमेंट ठासले की काम झाले, असा सर्रास समज आहे. २०० मिमी बाह्यव्यासाचा एचडीपीई, म्हणजे घट्ट प्लास्टिकचा पाइप घ्या. तापमान ३० अंशांनी उतरले तर त्याचा व्यास जवळपास १ मिमीने घटतो. काँक्रीटमधले भोक जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाने बदलते. नाशिकला उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, थंडीत पहाटे दहाच्या खाली जातो. त्यात एचडीपीईला सिमेंट धड चिकटत नाही आणि सुकताना स्वतःही आकसते. बाहेरची काळी माती पावसात फुगते, उन्हात आटते आणि पाइपला हलवत राहते. अशा हलत्या सांध्यावर गळती थांबवायला ‘नॅनो’ नावाची पावडर फासून काहीही साधत नाही. तो पैसा वाया जातो.

इथे रबर लागते. खोडरबर चिमटीत दाबा, ते बाजूंनी फुगते. रबराचे आकारमान दाबाने जवळजवळ बदलत नाही. एका दिशेने दाबले की ते दुसरीकडे सरकतेच. साखळी सील याच गुणावर चालते. रबराच्या कड्या एकमेकींत अडकवून पाइपभोवती पट्टा करायचा, तो फटीत सरकवायचा आणि कड्यांतून आरपार गेलेले बोल्ट आवळायचे. दोन्ही बाजूंच्या दाबपट्ट्या जवळ येतात, रबर आत पाइपवर आणि बाहेर भोकाच्या कडेवर चेपून बसते. पुढे पाइप आकसला, तरी दाबून ठेवलेले रबर फुलून त्याच्या मागे जाते. सिमेंटला हे जमत नाही.

ताण किती? भोक ३०० मिमी, पाइप २०० मिमी, वर ५ मीटर पाणी. दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. फटीचे क्षेत्रफळ ३९३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे सीलवर सुमारे १९५ किलोचा रेटा.

पाइपला भिंतीच्या दोन्ही बाजूंना आधार हवाच, त्याचे वजन सीलवर येता कामा नये. नाहीतर खालचे रबर चेंगरते आणि वर फट पडते. बोल्टची डोकी पान्हा पोचेल त्या बाजूला ठेवा. एकच बोल्ट पूर्ण आवळू नका. प्रत्येकाला तीन-चार फेरे, मग पुढचा, असे गोल फिरत राहा. कोअर कटिंगच्या, म्हणजे यंत्राने गोल कापलेल्या भोकाची कड खडबडीत असेल तर आधी घासून घ्या. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या ओल्या भिंतीवर जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, म्हणून बोल्ट ३१६ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साध्या सांडपाण्याला ईपीडीएम जातीचे कृत्रिम रबर चालते, तेलकट पाण्याला नायट्राइल जातीचे. लोखंडी पाइपला काँक्रीट ओततानाच पडल फ्लेंज, म्हणजे पाइपभोवतीची भिंतीत गाडली जाणारी चकती बसवणे उत्तम.

टाकी भरल्यावर काँक्रीटला पाणी पिऊ द्यायला ७ दिवस द्या, पुढचे ७ दिवस बाहेरची भिंत रोज पाहा. ती कोरडी राहिली तरच पाइपभोवती मुरूम भरा.